उसनी हिरवळ

माझं रडकं तोंड मागच्या निवडणुकीपासून बाजारातल्या सार्वजनिक संडासाच्या भिंतीवर होतं. आधी ते चौकात होतं, दवाखान्यासमोर होतं, बसच्या पाठीवरही होतं. तिथलं पावसानं गेलं. संडासाला मात्र पत्र्याची वळचण होती, म्हणून तिथं ते सुखरूप राहिलं. एक हात गालावर, डोळे घट्ट मिटलेले, ओठ वाकडे, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘समुद्र आमचं सगळं गिळतोय.’ आत जाणारा प्रत्येक जण आधी मला बघायचा. रडूबाई हे नाव मला तिथूनच चिकटलं.

खरी गोष्ट एवढीच की त्या दिवशी माझा दात दुखत होता. वरचा, सुळ्याच्या शेजारचा. आदल्या वर्षी बांध फुटून शेतात खारं पाणी आलं होतं आणि जमीन पांढरी पडली होती, हे खरं. पण त्यासाठी मी रडत नव्हते. रडायला वेळच नव्हता. मी पायरीवर बसून गालात बोळा धरला होता, तेवढ्यात पक्षाच्या फोटोवाल्यानं येऊन खटाखट फोटो काढले. दात पुढं काढून टाकला. फोटो राहिला.

आमचं घर बांधाच्या पायथ्याशी आहे. बांध म्हणजे चिखलाची लांबच लांब भिंत. पलीकडे खाडी, अलीकडे शेतं, गोड्या पाण्याचं तळं आणि सगळी वस्ती. तो राखायचं काम आमच्या घराकडे आहे, म्हणून माझ्या नवऱ्याला सगळे बांधवाला म्हणतात. नुसता चिखल लाटेपुढं टिकत नाही. त्यावर गवत लावावं लागतं, मग गवताची मुळं चिखलाला धरून ठेवतात. दर वर्षी उन्हाळ्यात आम्ही आतल्या उतारावरचं गवत मुळांसकट, मातीसकट कापतो, त्याच्या लाद्या करतो आणि बाहेरच्या अंगाला, जिथं लाट बसते तिथं लावतो. ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवली तर अशी लादी बरेच दिवस जिवंत राहते. हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि पुढचा सगळा गाढवपणा याच ज्ञानातून झाला.

त्या वर्षी खाडीच्या वळणावर बांध खचला. वरून कड शाबूत दिसायची, पण बाहेरून पोट आत गेलं होतं. पावसाळा लांब होता. भीती होती ती अमावास्येच्या उधाणाची. आता उधाणं पूर्वीसारखी राहिलेली नाहीत. आबा, म्हणजे माझे सासरे, सांगतात की त्यांच्या तरुणपणी मोठ्या भरतीचं पाणी बांधाच्या कमरेला लागायचं. आता ते गळ्याशी येतं. वळणावर बांध गेला तर पाणी थेट तळ्यात जाणार होतं, आणि तळं एकदा खारट झालं की वस्तीनं प्यायचं काय, हा प्रश्न होता.

ओहोटी लागली की आम्ही दोघं खाडीत उतरायचो. मी पाट्या भरायचे, नवरा खांद्यावर घेऊन वर चढायचा. तो चिखल काळा, चिकट, आणि त्याला कुजक्या अंड्यांचा वास. नखांखाली बसला की दिवसेंदिवस जात नाही. घास तोंडाशी नेला की अन्नाच्या आधी त्याचा वास येतो. माझ्या पायांच्या बोटांमधल्या बेचक्या चिरल्या होत्या आणि त्यात मीठ जाऊन रात्रभर झोंबायचं. एवढं करून दिवसभरात टाकलेल्या मातीतली अर्धी पुढची भरती चाटून न्यायची.

“मशीन पाहिजे,” नवरा म्हणायचा. “एक दिवस मशीन चाललं तर हे पोट भरून निघेल.”

“मशीन काय तुझा मेव्हणा चालवतो?” आबा ओट्यावरून म्हणायचे. आबांचं सगळं आयुष्य चिखलात गेलं. आता त्यांच्या तळव्यांची कातडी पानासारखी सुटते आणि त्यांना चार पावलंही चालवत नाही. तोंड मात्र चांगलं चालतं.

एका सकाळी होईल आला. हा पक्षाचा आमच्या वस्तीतला माणूस. काहीही विचारा, होईल म्हणतो. म्हणून नावच पडलं. गंमत अशी की मागच्या निवडणुकीत हाच माणूस ‘आता सगळं संपलं’ म्हणत दारोदार फिरला होता. या वेळी वरून वेगळा आदेश आलेला दिसत होता. त्याच्या मागून एक मॅडम चपला हातात घेऊन चिखलातून येत होत्या.

“ताई, तुम्हीच ना त्या?” मॅडमनी मला विचारलं.

“संडासावरच्या? हो.”

त्या ओशाळल्या. बाई वाईट नव्हती, हे सांगायला हवं. ती आमच्या ओट्यावर फडकं न झटकता बसली, आबांच्या पायांची चौकशी केली, चहाही सगळा प्यायली.

“मागच्या वेळी आमचं चुकलं,” त्या म्हणाल्या. “आम्ही लोकांना नुसतं घाबरवलं. हवामान बदलतंय, समुद्र वाढतोय, सगळं बुडणार. लोक घाबरले आणि त्यांनी तोंड फिरवलं. बुडणारच असू तर मत तरी कशाला द्या, असं झालं. घाबरलेला माणूस काही करत नाही ताई, तो डोक्यावरून पांघरूण घेतो. म्हणून या वेळी आम्ही आशा घेऊन आलोय.”

“कुठंय?” आबांनी विचारलं.

“काय?”

“आशा. गाडीत ठेवलीय का?”

होईल मोठ्यानं हसला आणि मग मॅडम हसत नाहीत हे बघून थांबला. “आबा, साहेब स्वतः येणार आहेत,” तो म्हणाला. “बाजाराच्या मैदानावर सभा आहे. ‘उद्याचा दिवस हिरवा.’ मैदान सपाट करायला मशीनसुद्धा आलंय.”

मशीन म्हटल्यावर नवऱ्यानं मान वर केली.

अडचण अशी होती की मैदान पांढरं होतं. पूर्वी ते शेत होतं. खारं पाणी शिरल्यापासून तिथं मिठाचे फुगे येतात आणि वारा सुटला की डोळे चुरचुरतात. अशा ठिकाणी साहेब हिरव्या दिवसांबद्दल बोलणार कसे? मॅडम बोलता बोलता इकडेतिकडे बघत होत्या, आणि नजर जाईल तिथवर हिरवं असं एकच होतं. आमचा बांध.

“लाद्या उसन्या देऊ का?” नवरा म्हणाला.

मी हातातली पाटी खाली ठेवली. “अहो, काय बोलताय?”

“अगं, पाणी मारत राहिलं की जगतात त्या. आपण दर वर्षी काढतोच की. सभा झाली की उचलून आणायच्या आणि परत लावायच्या. लग्नाला सतरंज्या देतो तसं. बदल्यात यांनी मशीन वळणावर पाठवावं.” तो होईलकडे वळला. “येईल ना?”

“होईल.”

“येईल का ते विचारतोय.”

“होईल, होईल. साहेबांच्या कानावर घालतो.”

“माझ्या डोक्यावरचं काप आधी,” आबा म्हणाले. त्यांच्या डोक्यावर एक केस नाही. “बांधाचं अंग सोलून दुसऱ्याच्या अंगणात पसरणारा बांधवाला मी अजून बघितला नव्हता. आता घरातच बघायला मिळाला.”

त्या रात्री मी नवऱ्याशी भांडायचं ठरवलं होतं. पण त्याला सदरा काढता येईना. उजवा खांदा पाट्या वाहून सुजला होता आणि हात वर जात नव्हता. मी सदरा डोक्यावरून ओढून काढला तेव्हा त्यानं दात आवळले. खांद्याची कातडी पाटीखालच्या गोणपाटाला चिकटून निघाली होती. भांडण माझ्या तोंडातच राहिलं, आणि ते राहिलं याची मला पुढं फार चीड आली.

लाद्या काढायला पक्षाचे लोक आले ते टेम्पो घेऊनच. नवऱ्यानं धारदार फावड्यानं आतल्या उतारावरून लाद्या कापल्या, नीट, सारख्या, मुळं न दुखावता. एकेक लादी तो दोन्ही हातांवर घेऊन टेम्पोत ठेवायचा आणि वर गोणपाट टाकायचा. पण मैदान मोठं होतं. दुपारी होईल म्हणाला की साहेबांच्या समोरचा भाग अजून पांढराच दिसतोय, आणि बाहेरच्या अंगाचं गवत जास्त दाट आहे.

“बाहेरचं नको,” मी म्हणाले. “वळणाजवळचं तर नकोच.”

नवरा फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा राहिला. मग म्हणाला, “परत तर लावायचंच आहे.” आणि त्यानं वळणावर फावडं घातलं. त्या लाद्या मागच्या वर्षी मी माझ्या टाचांनी दाबून बसवल्या होत्या. संध्याकाळी बांध बघवत नव्हता. खरूज झालेल्या कुत्र्यासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी माझा फोटो होता. आशेचा. मी ओहोटीच्या कामावरून तशीच गेले. एका मुलीनं ओल्या रुमालानं माझ्या तोंडावरचा चिखल पुसून काढला, आणि मग एका डबीतून तपकिरी रंग घेऊन गालावर एक नीटस पट्टा ओढला.

“हे काय?” मी विचारलं.

“चिखल.”

“मघाशी होता तो?”

“तो फोटोत घाण दिसतो,” ती म्हणाली. तिच्या हातांना अत्तराचा वास होता आणि ती माझ्यापासून मान जरा लांब धरून काम करत होती.

माझ्या हातात एक रोप दिलं. काळ्या पिशवीतलं, चकचकीत पानांचं. कसलं होतं कोण जाणे. आमच्या जमिनीत ते एक दिवस तगलं नसतं. “हसा ताई,” फोटोवाला म्हणाला. मी हसले. त्यानं कॅमेरा खाली घेतला आणि मॅडमकडे बघितलं. दोघं जरा कुजबुजले. मग मॅडम माझ्याजवळ आल्या, खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाल्या, “ताई, ओठ मिटून हसाल का? तसं काही नाही, पण दात नाही तिथंच लोकांचं लक्ष जातं.”

“मागच्या वेळी त्याच दाताचा फोटो काढला होता तुम्ही,” मी म्हणाले.

त्यांना कळलं नाही. मी ओठ मिटून हसले. ओठ मिटून हसताना गाल दुखतात आणि डोळ्यांत काही राहत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

सभेच्या सकाळी नवरा कळशी घेऊन लाद्यांवर पाणी मारायला गेला. परत आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत हिरवे होते.

“रंग मारतायत,” तो म्हणाला. “पंपानं. कडा पिवळ्या पडल्या होत्या ना, म्हणून. मी थांबवायला गेलो तर माझ्यावरच उडाला.”

“गवताला रंग?” आबा म्हणाले.

“धुतला की जातो म्हणाले.” तो दारातल्या दगडावर हात घासत बसला. रंग गेला नाही. त्याला रॉकेलचा वास येत होता. तरी नवरा म्हणत होता की मुळांना काही झालं नसेल, रंग वरवरचाच असतो. मी त्या दगडावर पाणी ओतत राहिले. बोलले असते तर वाईट बोलले असते.

सभेला आम्हाला पुढं बसवलं. आबांना दोघांनी धरून आणलं, डोक्यावर पक्षाची टोपी घातली आणि पहिल्या रांगेत खुर्ची दिली, कारण साहेब खाली उतरून एका वृद्ध श्रमिकाच्या पाया पडणार होते. व्यासपीठाच्या मागे माझा फ्लेक्स होता, दुमजली घराएवढा. माझे मिटलेले ओठ बैलगाडीएवढे लांब. खाली लिहिलं होतं, ‘मी घाबरत नाही.’ हे मी कोणाला म्हणाले होते, ते मला आठवेना.

साहेब चांगलं बोलले. आवाज खणखणीत होता. घाबरवणाऱ्यांचे दिवस गेले, म्हणाले. समुद्र शत्रू नाही, संधी आहे, म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मीही वाजवल्या, कारण शेजारची बाई माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात आबांना खोकल्याची उबळ आली. रंगाच्या वासानं असेल. दोन पोरगेले कार्यकर्ते वाकत वाकत आले आणि आबांना खुर्चीसकट उचलून मागे घेऊन गेले. “माइकमध्ये आवाज येतोय बाबा,” एक जण म्हणाला. साहेबांनी मग दुसऱ्याच एका म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला. त्याचे पाय स्वच्छ होते.

माझ्यासमोर एक माणूस पायाच्या अंगठ्यानं लादीची कड उकरत बसला होता. त्याला सवयच असावी. उकरून उकरून त्यानं मुळं वर काढली आणि मग त्या खळग्यात थुंकला. जेवणाच्या कागदी थाळ्या आल्या. खाऊन झालेल्या थाळ्या लोकांनी बसल्या जागी टाकल्या आणि उठताना त्यांच्यावरच पाय दिले. सांडलेला रस्सा गवतात जिरत होता, आणि साहेब म्हणत होते, “आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.” त्यांच्याच पाठीशी, फ्लेक्सच्या मागे, मशीन ट्रेलरवर चढवत होते. नवऱ्यानं ते बघितलं आणि तो उठून पळाला. लोकांच्या पायांत अडखळत, थाळ्यांवरून घसरत गेला. परत आला तो हळूहळू.

“दुसरीकडे सभा आहे,” तो म्हणाला. “तिथलं मैदान सपाट करायचंय. तिथून परत पाठवतो म्हणाला.”

“कोण म्हणाला?”

त्यानं खाली बघितलं. नाव सांगायची गरज नव्हती.

पुढच्या दिवशी आम्ही लाद्या गोळा करायला गेलो. टेम्पो आला नव्हता, त्यामुळे हातगाडी नेली. उन्हानं रंग वाळून गवताची पाती एकमेकांना चिकटली होती आणि हात लावला की हिरव्या खपल्या निघायच्या. खालची माती लोकांच्या वजनानं दडपून विटेसारखी झाली होती. उचलली की लादी मधोमध मोडायची आणि आतून आंबलेल्या रश्श्याचा भपका यायचा. माश्या घोंघावत होत्या. एका लादीखाली कोणीतरी मुलाचा लंगोट दडपून ठेवला होता. मी तो काठीनं बाजूला केला.

नवरा मात्र एकेक लादी उलटी करून मुळं बघत होता. “ही जगेल,” तो म्हणायचा आणि गाडीत ठेवायचा. “ही पण जगेल. पाणी मारलं की.” त्याचे हात अजून हिरवे होते. “ही थोडी दुखावलीय, पण जगेल.”

मला ओकारी आली. मैदानाच्या कडेला जाऊन मी रिकामी झाले. रंगाची आली नाही, थुंकीची नाही, लंगोटाचीही नाही. असली घाण मी रोज काढते. ती आली त्याच्या ‘जगेल’ची. चांगला जाणता माणूस, बांधावर जन्मलेला, मेलेलं गवत हातात धरून होईलसारखा बोलत होता. त्याला तो रोग लागला होता. मागच्या वेळी माझ्याकडून या लोकांनी भीती नेली, या वेळी आशा नेली, आणि दोन्ही खेपेला ती माझ्याकडे नव्हतीच. माझ्याकडे काय होतं ते आत्ता, ओकून तोंड पुसताना, समजत होतं. मला किळस आली होती. मॅडम म्हणाल्या तसं घाबरलेलं माणूस पांघरूण घेत असेल, आणि आशेवर असलेलं माणूस वाट बघत असेल. किळस आलेल्या माणसाला मात्र बसवत नाही. त्याला आधी घाण काढावीशी वाटते.

मी वर बघितलं. फ्लेक्स अजून तिथंच होता. जाड, मेणचटलेल्या कापडाचा, पाणी न पिणारा.

“अहो,” मी म्हणाले, “ते गवत टाका. हा उतरवू या. वळणावर अंथरू.”

“पक्षाचा आहे तो.”

“तोंड माझं आहे.”

मी बांबूच्या सांगाड्यावर चढले आणि फावड्यानं दोऱ्या तोडायला लागले. खाली होईल धावत आला. त्याला राखणीला ठेवलं होतं. “ताई, असं करता येणार नाही. वर विचारावं लागेल.”

“विचार. तुझं घर तळ्याच्या कडेला आहे ना? उधाण आलं की त्यालाही विचार.”

तो तसाच उभा राहिला. शेवटची दोरी तुटली तेव्हा फ्लेक्स एका अंगानं कोसळला, आणि बघते तर दुसरं टोक होईलनं धरलेलं होतं. त्याला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

बांधाकडे जाताना मी मोडक्या लाद्यांची गाडी तळ्यातून वस्तीत आणलेल्या नळापाशी उलटी केली. बायका पाणी भरत होत्या. त्यांनी हिरव्या रंगाकडे बघितलं, वास घेतला, नाकाला पदर लावला. “हे वळणावरचं आहे,” मी म्हणाले. दुसरं काही सांगितलं नाही. कोणी ‘चला’ म्हणालं नाही, कोणी घोषणा दिली नाही. जरा वेळानं माणसं एकेक करून फावडी, पाट्या, रिकामी पोती घेऊन येऊ लागली. सगळ्यांची तोंडं एकसारखी वाकडी होती.

फ्लेक्सची खालची कड खाडीच्या चिखलात पुरली. वरची कड बांधाच्या माथ्यावर आणून त्यावर मातीची पोती ठेवली. बांबू तोडून खुंट्या केल्या आणि नवरा त्या ठोकत सुटला. डाव्या हातानं, कारण उजवा वर जात नव्हता. कडेकडेनं ठोकत तो माझ्या चेहऱ्याशी आला आणि थांबला. वारा कापडाखाली शिरत होता आणि नेमके ओठ फुगून वर येत होते.

“इथं एक हवी,” तो म्हणाला. “पण…”

“पण काय?”

“तुझं तोंड आहे.”

मी त्याच्या हातातून लाकडी हातोडा घेतला. दात गेलाय ती जागा नेमकी शोधली, खुंटी टेकवली आणि घातला घाव. मग अजून एक, मग अजून एक. खुंटी सरळ चिखलात गेली आणि कापड ताणून बसलं. माथ्यावर पोत्याशेजारी बसवलेले आबा वाकून बघत होते.

“आता कुठं सूनबाई दिसायला लागली,” ते म्हणाले.

उधाण दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. वारा होता, ऊन होतं, आणि पाणी आवाज न करता चढत होतं. आधी फ्लेक्सवरची अक्षरं गेली, मग रोप, मग गालावरचा तो तपकिरी पट्टा. पाणी बांधाच्या गळ्याशी आलं आणि तिथून वर सरकायला लागलं. खुंट्या करकरत होत्या. कापड आत-बाहेर होत होतं. आम्ही माथ्यावर पोत्यांवर पोती टाकत होतो, आणि पोती संपली तेव्हा माणसं बसली, पाठीला पाठ लावून. होईल माझ्या शेजारी होता.

फ्लेक्सनं धरलं. जिथं फ्लेक्स संपत होता, तिथं मात्र नवऱ्यानं आमच्या नकळत नळापाशी टाकलेल्या ढिगातून आपल्या निवडक लाद्या आणून लावल्या होत्या. जगतील म्हणून. त्यातली पहिली सुटली, अख्खी, हिरवीगार, आणि पाण्यावर तरंगत गेली. मग बाकीच्या. त्या कोपऱ्यातून पाणी आत पडायला लागलं, आणि खाली शेत होतं ते आमचं. धावाधाव करून भगदाड वाढू दिलं नाही, पण भरती उतरेपर्यंत आमच्या शेतात गुडघाभर खारं पाणी उभं होतं. तळं वाचलं. वस्ती वाचली. आमची नुकती लावलेली भाजीची रोपं त्या पाण्याखाली होती आणि ती जगणार नाहीत हे सांगायला कोणी जाणता लागत नव्हता.

नवरा शेताच्या कडेला उकिडवा बसला होता तेव्हा फोन वाजला. तो उठला, बाजूला गेला, ‘हो मॅडम, हो मॅडम’ म्हणाला. परत आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पुन्हा ते ‘जगेल’ आलं होतं.

“त्यांना होईलच्या माणसांपैकी कोणीतरी कळवलंय,” तो म्हणाला. “त्या म्हणतात, फ्लेक्सनं बांध वाचवला ही फार मोठी गोष्ट आहे. आशेचा बांध. लगेच फोटो पाठवा म्हणतात, सगळीकडे लावतील. मशीनचं पण बघते म्हणाल्या.” तो थांबला. “कोपरा भरायला मशीन लागेलच ना.”

मी त्याच्याकडे बघितलं. चिखलानं भरलेला, एक खांदा लोंबणारा, कोपरापर्यंत हिरवा. मला रागही आला नाही.

“काढा,” मी म्हणाले.

ओहोटीनं फ्लेक्स उघडा पडला होता. मी उतरून त्या खुंटीशेजारी उभी राहिले आणि तोंड उघडून हसले. दात नाही तिथून हवा आत जाईल इतकं मोठं. नवऱ्यानं फोटो काढला आणि पाठवला. आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. वरच्या कापडावरून गाळाचा ओघळ माझ्या ओठांवर आला आणि मी तो थुंकून टाकला.

उत्तर लगेच आलं. नवऱ्यानं ते मोठ्यानं वाचलं. “‘खूप सुंदर. डोळ्यांत पाणी आलं. ती खुंटी दिसणार नाही असा एक मिळेल का? आणि ताईंना सांगा, ओठ मिटून.’”

मग त्यानं ते पुन्हा वाचलं, या वेळी मनात. त्याचं तोंड हळूहळू वाकडं होत गेलं, नासकं दूध जिभेवर आल्यावर होतं तसं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याच्या चेहऱ्यावर हे मी कधी बघितलं नव्हतं. त्यानं फोन खिशात टाकला, खाडीकडे वळून लांब थुंकला आणि डाव्या खांद्यावर पाटी घेतली.

“ओहोटी आहे तोवर कोपरा भरून घेऊ,” तो म्हणाला.

मला एकदम आशा वाटली. मी कोणाला बोलले नाही. फोटो काढायला आले असते.